तळघरातील वाफेचे पाइप आणि त्यांवरचे जुने आवरण

वाचकांचे प्रश्न : घर आणि दुरुस्ती

न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या परिसरात जुनी घरे घेतलेल्या वाचकांची पत्रे थंडीच्या तोंडावर नेहमीच वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाची आहेत : वाफेवर तापणाऱ्या घराच्या तळघरातील पाइपांवर जे जुने आवरण असते, त्याचे काय करावे? म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही या वर्षी माँटक्लेअर, न्यू जर्सी येथे १९२६ साली बांधलेले घर घेतले. तळघरात छताखालून गेलेल्या जाड पाइपांवर पांढऱ्या रंगाने रंगवलेले कापडी आवरण आहे. दोन-तीन ठिकाणी, विशेषतः कपडे धुण्याच्या यंत्राच्या बरोबर वर, ते फाटले असून आतला करड्या रंगाचा पन्हळी कागद दिसतो. खरेदीपूर्वी घर तपासणाऱ्या निरीक्षकाने अहवालात ‘ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता’ एवढेच लिहिले आहे. माझे वडील पुण्याहून आले आहेत. त्यांचे म्हणणे असे, की आपल्याकडे ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांखाली माणसांचे आयुष्य गेले, त्याचा एवढा बाऊ कशाला करायचा. एका शनिवारी सगळे खरवडून काढू आणि नवे गुंडाळू. हे योग्य होईल का? जुने न काढता त्यावरूनच नवे इन्सुलेशन घालता येईल का?

उत्तर : वडिलांना कृपया थांबवा. त्यांचा उत्साह आणि हाताला असलेली कामाची सवय यांविषयी आदर बाळगूनही सांगतो, की घरात स्वतः करण्याजोग्या शंभर कामांत हे काम बसत नाही.

पत्र्यांचा त्यांचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही, कारण महाराष्ट्रातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात तोच असतो. गोठ्यावर, शाळेच्या पडवीवर किंवा कारखान्याच्या छपरावर जो सिमेंटचा पत्रा आपण पाहिलेला असतो, त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. पत्रा कापला, फोडला किंवा तो जुना होऊन झिजला, तर तेही तंतू सुटतात आणि तेही घातकच असतात. पण शाबूत पत्रा हाताने कुस्करून त्याची भुकटी करता येत नाही. तुमच्या पाइपावरील आवरणाचे तसे नाही. ज्याला येथील जुने मिस्त्री ‘एअर-सेल’ म्हणतात, ते ॲस्बेस्टॉस मिसळलेल्या कागदाचे पन्हळी थर एकावर एक गुंडाळून, वरून कापड लावून केलेले असते. ऐंशी-नव्वद वर्षे वाफेच्या उष्णतेत वाळल्यानंतर तो कागद बोटांच्या चिमटीत भुगा होतो आणि तंतू हवेत जातात. हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, त्यांनी खोकला येत नाही किंवा अंगाला खाजही सुटत नाही. त्यामुळे काम करणाऱ्याला ‘आपल्याला काहीच झाले नाही’ असे प्रामाणिकपणे वाटते. फुप्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या अस्तराचा कर्करोग) किंवा ॲस्बेस्टॉसिस (तंतूंमुळे फुप्फुस निबर होत जाणे) हे रोग दिसू लागायला त्यानंतर दहापासून चाळीस वर्षेही लागतात.

आपण राहता त्या राज्यात हा इतिहास अगदी घराजवळचा आहे. माँटक्लेअरपासून फार लांब नसलेल्या पॅटरसन येथे डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ यांचा दवाखाना होता, आणि न्यूयॉर्क-न्यू जर्सी भागातील ज्या कामगारांचा त्यांनी अभ्यास करून १९६४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते पाइपांवर आणि बॉयलरवर आवरणे चढवणारे इन्सुलेशन कामगारच होते. खाणीत किंवा गिरणीत नव्हे, तर इमारतींमध्ये हे तयार आवरण हाताळणाऱ्यांमध्येही फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त आहे, हे त्यातून पुढे आले. ब्रिजवॉटरच्या मंदिरात जाणाऱ्यांना शेजारचे मॅनव्हिल गाव ठाऊक असेल; ते नाव तेथे ॲस्बेस्टॉसच्या वस्तू बनवणाऱ्या जॉन्स-मॅनव्हिल कंपनीवरून पडलेले आहे, आणि आजारी कामगारांच्या दाव्यांचा डोंगर उभा राहिल्यावर १९८२ साली त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पाइप आणि बॉयलर यांवर भुगा होणारी अशी साचेबंद आवरणे नव्याने बसवण्यास अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने १९७५ साली बंदी घातली. तुमचे घर त्याच्या अर्धशतक आधीचे आहे, म्हणजे वर्णनावरून आणि वयावरून संशय पक्का आहे.

तरीही संशय म्हणजे खात्री नव्हे. नुसते पाहून कोणीही, अगदी तीस वर्षे हेच काम केलेला मनुष्यही, छातीठोकपणे ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणू शकत नाही. प्रशिक्षित तपासनीस आवरणाचा लहानसा नमुना ओला करून घेतो, छिद्र लगेच बंद करतो आणि प्रयोगशाळेत तो विशिष्ट प्रकारच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. एक टक्क्याहून अधिक ॲस्बेस्टॉस निघाल्यास तो कायद्याच्या भाषेत ॲस्बेस्टॉसयुक्त पदार्थ ठरतो. सरळ भागाचा नमुना निराळा आणि कोपऱ्यांवरचा निराळा घ्यायला सांगा. कोपऱ्यांवर आणि जोडांवर पूर्वी गिलाव्यासारखा लगदा हाताने थापत असत, आणि सरळ भागात काही न सापडता कोपऱ्यात सापडणे अशक्य नाही. तपासणी आणि काढण्याचे काम एकाच कंपनीकडे देऊ नये, हे मी मुद्दाम सांगतो. ज्याला काढण्याचे पैसे मिळणार आहेत, त्यानेच ‘काढावे लागेल’ असे ठरवणे बरे नाही.

आता काढायचे की ठेवायचे, हा प्रश्न. आवरण शाबूत असेल, कोणाचा धक्का लागत नसेल आणि जवळपास बांधकाम होणार नसेल, तर ते जसेच्या तसे राहू देणे हाच अधिकृत सल्ला आहे आणि माझेही मत तेच आहे. तुमच्या घरी परिस्थिती मिश्र दिसते. बहुतांश लांबी शाबूत असावी. परंतु कपडे धुण्याच्या यंत्रावरचा फाटका भाग हा रोजच्या वावरातला आहे, खालून यंत्राचे हादरे बसतात, आणि खाली पडणारा भुगा धुतलेल्या कपड्यांवर पडतो. हा भाग लवकर हाताळायला हवा. परवानाधारक कामगार लहान फाटका भाग विशिष्ट ओल्या कापडाने आणि बंधक लेपाने बंदिस्त करू शकतात. फार खराब झालेला भाग तेवढाच काढूनही टाकता येतो. सारे तळघर एकदम उघडे करावे लागतेच असे नाही.

जुन्यावरूनच नवे फायबरग्लास चढवण्याविषयी बोलायचे, तर शाबूत भागावर त्याची गरज नाही आणि फाटक्या भागावर ते करू नये. नवे नळकांडे दाबून बसवताना जुने कुस्करले जाते, आणि शिवाय धोका झाकला जातो. दहा वर्षांनी एखादा प्लंबर पांढरेशुभ्र नवे आवरण पाहून निर्धास्तपणे त्यात करवत घालील. बंदिस्त केलेल्या प्रत्येक भागावर खूणचिठ्ठी लावून ठेवावी, ती याच कारणासाठी.

तोपर्यंत एवढे पाळा. खाली पडलेला भुगा झाडू नका. घरातला व्हॅक्यूम तर मुळीच फिरवू नका, कारण त्याच्या गाळणीतून हे तंतू सहज निघून जातात आणि यंत्राच्या मागून सगळ्या खोलीत पसरतात. मुलांना तळघरात खेळायला सोडू नका, कपडे धुण्याचे यंत्र तात्पुरते दुसरीकडे नेता येत असेल तर पाहा, आणि पाइपांना लोंबकळवलेले हँगर, दोऱ्या वगैरे काही असल्यास तपासनीस येऊन जाईपर्यंत त्यांना हात लावू नका. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या : कापडावरचा तो पांढरा रंग १९७८ पूर्वीचा असेल, तर त्यात शिसेही असू शकते.

प्रश्न : सॉमरव्हिल, मॅसॅच्युसेट्समधील आमच्या तीन मजली घरातील ॲस्बेस्टॉस आधीच्या मालकाने रीतसर काढून घेतले, त्याची कागदपत्रेही आमच्याकडे आहेत. तेव्हापासून पाइप उघडेच आहेत. त्यामुळे तळघर छान उबदार राहते आणि पहिल्या मजल्याची जमीनही कोमट लागते, म्हणून आम्ही त्याकडे लक्ष दिले नाही. मात्र वरच्या मजल्यावरचे रेडिएटर फार उशिरा तापतात, आणि पहाटे हीटिंग सुरू झाले, की पाइपांत कोणी हातोडा मारतो आहे असे ठोके ऐकू येतात. या दोन्हींचा काही संबंध आहे का? नवे आवरण घालण्याचा खर्च वसूल होईल का?

उत्तर : संबंध आहे, आणि तो थेट आहे. आवरण काढणे आणि नवे चढवणे हे एकच काम आहे. त्याचे दोन तुकडे करून दुसरा तुकडा ‘पुढे कधीतरी’वर ढकलणे ही मला जुन्या घरांत सर्वाधिक वेळा दिसणारी चूक आहे. काढणाऱ्या कंपनीचे काम पाइप स्वच्छ करून दिले की संपते, प्लंबरला कोणी बोलावत नाही, आणि घरमालकाला उबदार तळघर ही सोयच वाटू लागते.

या व्यवस्थेत बॉयलर पाण्याची वाफ करतो आणि ती वाफ कोणत्याही पंपाशिवाय, स्वतःच्याच अल्पशा दाबाने, वरच्या मजल्यांपर्यंत जाते. चौरस इंचाला दोन पाउंडांहून कमी दाब घराला पुरतो. रेडिएटरमध्ये शिरल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते, आणि तसे होताना ती आपली उष्णता खोलीला देते. म्हणजेच वाफेचे पाणी कोठे व्हावे, यावर सारे अवलंबून आहे. पाइप उघडा असेल तर ते रेडिएटरमध्ये होण्याऐवजी तळघरातच होऊ लागते.

आकड्यांत सांगायचे, तर दोन इंची उघड्या लोखंडी पाइपातून वाफ वाहत असताना त्याच्या दर फुटामागे ताशी सुमारे २०० बीटीयू (उष्णता मोजण्याचे येथील एकक) उष्णता निसटते. म्हणजे पाइपाच्या प्रत्येक फुटावर साठ वॅटचा जुना दिवा लावून ठेवावा, तसा हा प्रकार आहे. त्यावर एक इंच जाडीचे फायबरग्लास चढवले, की हाच आकडा तीसच्या आसपास येतो. तुमच्या तळघरात असा पन्नास फूट पाइप असेल, तर वाफ वाहत असताना ताशी दहा हजार बीटीयू, म्हणजे एका बऱ्यापैकी रेडिएटरची उष्णता, तुम्ही जिथे कोणी बसत नाही अशा जागी खर्च करता. पहिल्या मजल्याची जमीन कोमट लागते ती त्यातूनच. तेल किंवा गॅस महाग असलेल्या मॅसॅच्युसेट्समध्ये फायबरग्लासचा खर्च सहसा काही हिवाळ्यांतच भरून निघतो. स्वतः बसवल्यास त्याहून लवकर.

परंतु माझ्या मते पैशापेक्षा रेडिएटर आणि ठोके यांचा मुद्दा मोठा आहे. बॉयलरचा आकार ठरवताना घरातील सर्व रेडिएटरांची बेरीज करून तिच्यावर साधारण एक-तृतीयांश जादा धरतात. हा वाढावा पाइप तापवण्यात आणि त्यांतून होणाऱ्या गळतीत जातो, असे गृहीत असते. हे गणित पाइप झाकलेले आहेत असे मानून केलेले असते. ते उघडे ठेवले, की वाटेतच वाफ संपते, आणि सर्वांत लांबच्या रेडिएटरपर्यंत ती पोहोचेपर्यंत खालचा थर्मोस्टॅट समाधानी होऊन बॉयलर बंद करतो. तुमचा तिसरा मजला म्हणूनच थंड राहतो. ठोक्यांचे कारणही तेच. उघड्या पाइपात जास्त पाणी साचते, वेगाने येणारी वाफ त्या पाण्याचा गोळा पुढे ढकलते आणि तो कोपऱ्यावर जाऊन आदळतो. शिवाय गार पाण्याला भिडलेली वाफ एकाएकी आक्रसते. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १७०० पट वाढते, तेव्हा उलट प्रवासात केवढी पोकळी क्षणात निर्माण होत असेल, याची कल्पना करावी.

पण आवरण चढवण्यापूर्वी आणखी एक तपासणी करा. ॲस्बेस्टॉस काढणारे कामगार तासन्‌तास त्याच पाइपांवर हात टेकवून काम करतात, प्लास्टिकचे पडदे त्यांनाच बांधतात, आणि या गडबडीत पाइप छताला टांगून धरणारा एखादा जुना लोखंडी हँगर सैल होतो किंवा सरकतो. पाइपाला असलेला ढाळ त्यामुळे बिघडतो. मुख्य पाइपात वाफ आणि पाणी एकाच दिशेने वाहत असतील, तर वीस फुटांना किमान एक इंच ढाळ हवा. पाणी वाफेच्या विरुद्ध दिशेने परतत असेल, तर दहा फुटांना एक इंच. लांब स्पिरिट लेव्हल पाइपावर ठेवून दर पाच-सहा फुटांवर पाहत जा. मध्येच पोट सुटलेले आढळले, की पाणी तेथेच साचते आहे, असे समजावे, आणि हँगर वर घेऊन ते ठीक करावे. मुख्य पाइपाच्या शेवटी हवा बाहेर सोडणारा व्हेंट असतो. तो रंगाने किंवा गंजाने बुजलेला असेल, तर तोही बदलून घ्या. हे सारे पाइप उघडे असतानाच सोपे जाते. ढाळ बिघडलेल्या पाइपावर उत्तम इन्सुलेशन घातले, तरी ठोके कमी होतील, थांबणार नाहीत.

एक तोटाही सांगून ठेवतो. काम झाल्यावर तुमचे तळघर नक्कीच थंड होईल. तेथे कोणी झोपत असेल, किंवा बाहेरच्या भिंतीलगत पाण्याचे पाइप असतील, तर त्याची सोय आधी करा. भिंतींच्या आणि दगडी पायाच्या फटी बुजवून तळघर ऊबदार ठेवावे आणि गरज असेल तर तेथे वेगळा रेडिएटर घालावा, हा मार्ग सरळ आहे. वाफेचे पाइप उघडे ठेवून तळघर तापवणे हा नव्हे.

प्रश्न : ब्लूमफील्ड, न्यू जर्सी. आमच्या वाफेच्या पाइपांवर आता काहीच नाही आणि प्रयोगशाळेच्या अहवालानुसार ॲस्बेस्टॉसचा प्रश्नही उरलेला नाही. दुकानात चिरा दिलेल्या काळ्या फोमच्या नळ्या स्वस्त मिळतात. त्या चालतील का? नाही तर काय घ्यावे, आणि माप कसे घ्यावे? दुकानातील मनुष्य ‘दोन इंची’ म्हणतो, पण आमचा पाइप मोजला तर दोन इंचांहून जाड भरतो.

उत्तर : फोम चालणार नाही. त्या नळ्या नळाच्या गरम पाण्यासाठी असतात. पॉलिथिनच्या फोमची सहनशक्ती साधारण २०० अंश फॅरनहाइटच्या आसपास संपते आणि तुमच्या पाइपातील वाफ २१२ अंशांच्या वर असते. काही दिवसांत तो आकसतो, चिकट होतो, आणि पाइपावरून खरवडून काढावा लागतो. काळ्या रबरी फोमची मर्यादा थोडी वर असली, तरी वाफेच्या तापमानाला अगदी चिकटून आहे, म्हणून तोही नको. साचेबंद फायबरग्लासची, तीन फूट लांबीची, पांढऱ्या कागदी वेष्टनाची आणि स्वतः चिकटणारी पट्टी असलेली नळकांडी घ्या. मोठ्या दुकानांत ती नेहमी सापडत नाहीत. प्लंबिंग किंवा इन्सुलेशनचा घाऊक माल ठेवणाऱ्याकडे मागवावी लागतात. जाडी किमान एक इंच, आणि जागा असल्यास जाड पाइपांवर दीड इंच. अर्धा इंच जाडीचा माल दिसायला नीटनेटका असतो, पण वाफेसाठी तो घेणे म्हणजे काम अर्धे करणे होय.

मापाचा गोंधळ तुमचा नाही, तो या धंद्यातला आहे. लोखंडी पाइपाचा ‘दोन इंच’ हा आकडा केवळ नावापुरता असतो. बाहेरून तो दोन आणि तीन-अष्टमांश इंच भरतो. त्याच नावाचा तांब्याचा पाइप मात्र त्याहून बारीक असतो, म्हणून मागणी करताना ‘लोखंडी पाइपाच्या मापाचे’ असे स्पष्ट सांगावे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाइप पूर्ण थंड असताना त्याभोवती दोरा एकदा गुंडाळून, तो जेथे भेटतो तेथे पेनाने खूण करून, मग तो पट्टीवर सरळ धरणे. दोरा सव्वापाच इंच भरला तर पाइप सव्वा इंची, सहा भरला तर दीड इंची, साडेसात भरला तर दोन इंची, नऊ भरला तर अडीच इंची आणि अकरा भरला तर तीन इंची. तळघरात एकच माप असते असे समजू नका. बॉयलरपाशी तीन इंची निघालेला पाइप दुसऱ्या टोकाला दोन इंचांवर आलेला असतो, म्हणून प्रत्येक सरळ भागावर दोरा नव्याने धरा आणि माप खडूने पाइपावरच लिहून ठेवा.

बसवण्याचे काम अवघड नाही. बॉयलर बंद करून पाइप पूर्ण थंड होऊ द्या, लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा आणि मास्क घाला, कारण फायबरग्लास ॲस्बेस्टॉससारखा घातक नसला, तरी त्वचेत आणि घशात टोचतो. नळकांडे उघडून पाइपावर चढवायचे, शिवण वरच्या बाजूला न ठेवता खाली किंवा भिंतीकडे वळवायची, जेणेकरून तिच्यावर धूळ बसणार नाही, आणि पट्टीवरचा कागद सोलून ती हाताने घट्ट दाबायची. दोन नळकांड्यांमध्ये फट राहू देऊ नका. बोटभर रुंदीची उघडी पट्टी डोळ्यांना क्षुल्लक वाटते, पण तशा दहा फटी राहिल्या, तर सर्व मिळून चांगला लांब पाइप उघडा राहतो.

खरी कसोटी कोपऱ्यांवर लागते. लांब दातेरी सुरीने दोन नळकांड्यांची टोके पंचेचाळीस अंशांत कापून ती कोपऱ्यावर एकमेकांना भिडवता येतात. जोडाचे तोंड जाड असल्याने आतून थोडा फायबरग्लास खरवडावा लागतो. तेवढे केले, की ती नीट मिटतात. तयार प्लास्टिकची कोपरझाकणेही मिळतात, आत फायबरग्लासचे कापलेले तुकडे असतात. मात्र प्लास्टिक स्वतः फार उष्णता सोसत नसल्यामुळे वाफेच्या पाइपावर आत दोन थर भरल्याशिवाय ते लावू नये. सुरुवातीच्या एक-दोन तापण्यांत हलका जळकट वास येतो. तो चिकटद्रव्याचा असतो आणि खिडकी उघडी ठेवली, की जातो. पण पाणी फुसफुसल्याचा आवाज ऐकू आला किंवा वेष्टनावर ओला डाग उमटला, तर तो पाइपाच्या गळतीचा आहे आणि तेथले नळकांडे काढून पाहायलाच हवे.

आणि काय झाकायचे नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. हवेचे व्हेंट उघडे हवेत, कारण ते वाफेच्या उष्णतेनेच बंद होतात आणि थंड झाल्यावर उघडतात. दाब नियंत्रक आणि त्याखालची वळणदार नळी, पाण्याची पातळी दाखवणारी काच आणि सुरक्षा झडप यांवर काहीही गुंडाळू नये. तुमची व्यवस्था दोन पाइपांची (वाफ नेणारा एक आणि पाणी परत आणणारा दुसरा) असेल आणि पाणी जाऊ देऊन वाफ अडवणारे ट्रॅप असतील, तर ट्रॅपच्या आधी काही फूट पाइप थंड होण्यासाठी उघडाच ठेवलेला असतो, त्याला तसेच राहू द्यावे. जमिनीलगतचा, पाण्याने सदैव भरलेला परतीचा पाइप झाकण्यात फारसा लाभ नाही.

प्रश्न : जर्सी सिटीतील जुन्या इमारतीत आम्ही भाड्याने राहतो. झोपण्याच्या खोलीच्या कोपऱ्यातून वाफेचा उभा पाइप जातो. आमचा मुलगा नुकताच चालू लागला आहे आणि पाइपाला हात लागण्याची भीती वाटते. तो आम्ही झाकू शकतो का?

उत्तर : झाकावाच. वाफेच्या उघड्या पाइपाला क्षणभर हात लागला, तरी एवढ्या लहान मुलाला गंभीर भाजू शकते. मात्र बऱ्याच इमारतींत त्या खोलीला पुरेशी ऊब हा पाइपच देतो, म्हणून आवरणानंतर खोली थोडी गार लागणे साहजिक आहे, आणि घरमालकाला लेखी कळवल्याशिवाय स्वतः काही बसवू नये. जमिनीपासून निदान चार फुटांपर्यंत फायबरग्लासचे नळकांडे आणि त्यावर कडक वेष्टन घालून देण्याची मागणी करा; तोपर्यंत पाइपासमोर पाळण्याची जाळी किंवा पक्के बसवलेले कुंपण ठेवा. पाइप जेथे भिंतीत किंवा छतात शिरतो, तेथे जुने करडे भरण दिसत असेल, तर ते उकरू नये आणि तीही बाब त्याच पत्रात नमूद करावी.

प्रश्न : ॲस्बेस्टॉस काढण्यासाठी आम्ही दोन कंपन्यांकडून दरपत्रके मागवली. एकाची रक्कम दुसऱ्याच्या निम्मी आहे. दोघेही परवानाधारक असल्याचे सांगतात. निवड कशी करावी?

उत्तर : रकमांऐवजी त्यांखालचा मजकूर वाचा. न्यू जर्सीत हा परवाना राज्याच्या कामगार खात्याकडून मिळतो आणि तो चालू आहे का, हे त्या खात्याकडे विचारून पाहता येते. आपण अन्य राज्यात असाल, तर तेथील खाते निराळे असेल. काम कोणत्या पद्धतीने करणार, हे लेखी मागा. पाइपावरील आवरणासाठी बहुधा आत हातमोजे शिवलेली पारदर्शक पिशवी पाइपाभोवती हवाबंद लावतात, आत पाणी फवारून आवरण भिजवतात, मग कापून ते त्याच पिशवीत पडू देतात, आणि पिशवी बंद करूनच खाली उतरवतात. काही ठिकाणी संपूर्ण तळघर जाड प्लास्टिकने बंद करून, हवा आत ओढणारे गाळणीयंत्र लावून काम करावे लागते. दोन दरपत्रकांतला फरक कित्येकदा एवढ्याच गोष्टीत असतो, आणि लांबी थोडी व आवरण बरेचसे शाबूत असेल तेव्हा पिशवीची पद्धत अपुरी नसते.

काम संपल्यावर हवेची चाचणी होणार का, आणि ती कोण करणार, हे विचारा. ती काढणाऱ्या कंपनीने नव्हे, तर स्वतंत्र चाचणीकर्त्याने करावी. सामान्यतः हवेत प्रति घन सेंटिमीटर ०.०१ तंतूंपेक्षा कमी असल्याशिवाय जागा वापरायला मोकळी मानत नाहीत. टाकाऊ मालाची परवानगी असलेल्या जागी विल्हेवाट लावल्याची पावती तुमच्या नावे मिळायला हवी. घर विकताना हाच कागद उपयोगी पडतो. शेवटी, दोघांनाही पाइपाचे हँगर आणि ढाळ पूर्ववत ठेवण्याची जबाबदारी कोणाची, आणि नवे फायबरग्लास त्यांच्याच दरात आहे की नाही, हे लेखी द्यायला सांगा. स्वस्त दरपत्रकात बहुतेक वेळा नवे आवरण नसते. तसे असेल, तर इन्सुलेशनवाल्याची तारीख आधी ठरवा आणि मगच काढण्याच्या कंपनीला तारीख द्या, म्हणजे बॉयलर पुन्हा पेटवण्यापूर्वी पाइप झाकले जातील.